‘बोट लागणें’ : एका जुन्या व्याधीचा इतिहास आणि दर्यावर जाणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

खांब हें गांव समुद्रकांठीं वसलेलें नाहीं. रोहा तालुक्यांतील या गांवास डोंगर, भातशेती आणि मुंबई-गोवा रस्ता यांचीच संगत. तेव्हां महोत्सवाच्या या स्मरणिकेंत आम्हीं समुद्रावरील एका व्याधीचा इतिहास कां लिहावा, असें वाचकांस सहज वाटेल. परंतु येथून जवळच कोलाडवरून वाहणारी कुंडलिका रोह्याखालीं खाडी होते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्या मधून समुद्रास मिळते. उत्तरेस नागोठण्याची अंबा धरमतरच्या खाडीवाटे त्याच समुद्रास जाते. जेथें नद्या जातात तेथें माणसेंही पोटामागें जातात. आमच्या ओळखीचे कांहीं तरुण मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून हंगामभर राबतात. ज्यांच्या वाडवडिलांनीं नांगर धरला, त्यांनीं एकाएकीं दर्या धरला, म्हणजे पहिली गांठ पडते ती या व्याधीशीं.

अशा एका तरुणाची हकीकत या लेखाचें कारण झाली आहे. पहिल्याच फेरींत त्याला इतक्या ओकाऱ्या झाल्या, कीं घरीं येतांच त्यानें आम्हांस विचारलें, “फादर, पुन्हां जाऊं कीं नको?” घरीं कर्ज होतें, उचल घेऊन झाली होती. आम्हीं त्यास म्हटलें, “सोस बाबा, सवय होईल. संतांनींही सोसलें आहे.” तो गेला. दुसऱ्या फेरींत दोन दिवस पोटांत पाण्याचा घोट ठरेना. परंतु सोबती हंसतील या भयानें त्यानें तांडेलास कांहीं सांगितलें नाहीं. बोट बंदरास लागली तेव्हां त्याला दोघांनीं उचलून उतरविलें आणि थेट इस्पितळांत नेलें. देवकृपेनें तो वांचला. उपदेश आमचा होता, आणि त्यामागचें अज्ञानही आमचेंच. सोसणें हा सद्गुण खरा. परंतु काय सोसावें, किती सोसावें आणि कोणते उपाय करून सोसावें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. त्यानंतर जें वाचलें, विचारलें आणि पाहिलें, तें येथें मांडीत आहों.

प्रथम नांवाचा विचार करूं. या व्याधीस आपण ‘बोट लागणें’ असें म्हणतों. ऊन लागतें, दृष्ट लागते, तशी बोट लागते. म्हणजे दोष माणसाचा नव्हे, बाहेरून येऊन कांहीं तरी त्याला लागतें, असा या शब्दाचा भाव. घाटांत ‘गाडी लागते’ तीही हीच व्याधी. ग्रीक लोकांनीं मळमळीला जें नांव दिलें, तें तर नावेच्याच नांवावरून बनलें आहे. हिप्पोक्रेटीस या ग्रीक वैद्यानें ख्रिस्तपूर्व काळींच नमूद करून ठेविलें आहे, कीं हालचालीनें शरीर बिघडतें, हें समुद्रप्रवासावरून सिद्ध होतें. म्हणजे जेव्हांपासून माणूस नावेंत बसला, तेव्हांपासून ही व्याधी त्याच्या शेजारीं बसली आहे.

पवित्र शास्त्रांत प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायांत संत पौलाच्या गलबताची कथा आहे. गलबतावर २७६ माणसें होतीं, वादळ उसळलें, चौदा दिवस कोणीं धड अन्न घेतलें नव्हतें. अन्न सुटण्याचें कारण लेखकानें सांगितलेलें नाहीं. भीति होती, आणि समुद्राचा हेलकावाही असलाच पाहिजे, असें मानावयास हरकत नाहीं. परंतु संत पौलानें त्या वेळीं काय केलें, तें लक्षांत घेण्याजोगें आहे. त्यानें नुसतें धैर्य धरा म्हणून सांगितलें नाहीं. जिवाच्या रक्षणासाठीं अन्न घ्या, असा आग्रह केला, आणि सर्वांदेखत स्वतः भाकर मोडून खाल्ली. आमच्या त्या तरुणास आम्हीं जो उपदेश केला, त्यांत पहिला अर्धा भाग होता, दुसरा नव्हता.

आतां ज्या संतांचें नांव आम्हीं त्या वेळीं घेतलें, त्यांची खरी हकीकत पाहूं. संत फ्रान्सिस झेवियर हे ७ एप्रिल १५४१ रोजीं लिस्बनहून निघाले. गोव्यास नेमलेला नवा गव्हर्नर मार्तिम अफोन्सो द सोझा त्याच ताफ्यांत होता. गलबतें मोझांबिकास पोंचून तेथें थांबलीं. आणि तेथून १ जानेवारी १५४२ रोजीं रोममधील बंधूंना लिहिलेल्या पत्रांत संतांनीं सरळ कबूल केलें आहे, कीं आपणांस दोन महिने बोट लागली होती. दोन महिने! ज्यांचें नांव पूर्वेकडील सर्व ख्रिस्ती लोक आदरानें घेतात, त्यांनीं ही गोष्ट लपविली नाहीं, कीं तीबद्दल लाज मानिली नाहीं. मोझांबिकांत ते इस्पितळांतील आजाऱ्यांच्या सेवेंत राहिले, आणि ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. त्यांनीं सोसलें हें खरें. परंतु जें घडलें तें त्यांनीं आपल्या माणसांस सांगितलें, हा धडा आम्ही विसरलों होतों.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे आद्य पुरुष फादर थॉमस स्टीफन्स हेही त्याच वाटेनें आले. लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास पोंचले, आणि १० नोव्हेंबरास त्यांनीं आपल्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिलें. ‘ख्रिस्तपुराण’ पुढें १६१६ त प्रसिद्ध झालें. त्या पत्रांत लांबच्या प्रवासांत हिरड्या आणि पाय सुजविणाऱ्या आजाराचें वर्णन आहे. तो रक्तपितीचा आजार ताजीं फळें व भाजी न मिळाल्यानें होई. बोट लागण्याशीं त्याचा संबंध नाहीं. हा भेद सांगण्याचें कारण असें, कीं समुद्रावर माणूस आजारी पडला म्हणजे सर्व दोष बोट लागण्यावरच टाकण्याची खोड आपल्याकडे आजही आहे, आणि ती कधीं कधीं जिवावर बेतते. पुढें त्याविषयीं लिहूं.

लाजेचा विषय निघाला आहे, तर आणखी दोन नांवें सांगितलीं पाहिजेत. ज्याच्या नांवावर इंग्रजांच्या आरमाराचा अभिमान उभा आहे, तो सेनापति नेल्सन आयुष्य समुद्रावर घालवूनही १८०४ सालीं पत्रांत लिहितो, कीं वारा जोराचा सुटला म्हणजे आपण प्रत्येक वेळीं आजारी पडतों. ‘बीगल’ या जहाजावर २७ डिसेंबर १८३१ रोजीं निघालेला चार्ल्स डार्विन जवळजवळ पांच वर्षांच्या सफरींत या व्याधीनें गांजलेला होता. आरंभीं मनुका तेवढ्या त्याच्या पोटांत ठरत. नेल्सन भित्रा होता असें कोणी म्हणणार नाहीं, आणि डार्विन कामचुकार होता असेंही कोणी म्हणणार नाहीं.

आपल्या भागांतील इतिहासही याहून निराळा नाहीं. आजचे रस्ते व रेल्वे येण्यापूर्वीं मुंबईहून पेण-रोह्याकडे येणारा माणूस आगबोटीनें धरमतरला, किंवा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला उतरे. खाडींत पाणी शांत असे. मुंबई बंदराच्या उघड्या पाण्यांत मात्र वाऱ्याच्या दिवसांत बोट हेलकावे खाई. प्रवासी हातांत लिंबू धरीत, आल्याचा तुकडा किंवा आलेपाक तोंडांत ठेवीत, आणि डोळे मिटून देवाचें नांव घेत. समुद्राशीं थट्टा नाहीं, हेंही याच वाटेनें शिकविलें. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. पुढें दिवा-पनवेल मार्गानें रेल्वे रोह्यास आली, १९९८ पासून कोंकण रेल्वे अखंड धांवूं लागली, आणि २०२० सालीं भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारीं नेणारी मोठी बोटही सुरू झाली. प्रवाशाची ही व्याधी हलकी झाली. मासेमाराची मात्र झाली नाहीं. कारण त्याची बोट लहान, आणि त्याला घटका-दोन घटका नव्हे, तर दिवसेंदिवस पाण्यावर राहावयाचें.

मग ही बोट लागते तरी कशी? फार काळ लोक पोटालाच दोष देत आले. १८८२ सालीं अमेरिकन पंडित विल्यम जेम्स यानें मूक-बधिर माणसांवर प्रयोग केले. त्यांस गरगर फिरविलें असतां त्यांतील अनेकांना घेरी येतच नाहीं, असें त्यास आढळलें. त्यावरून कानाच्या आंतल्या भागाकडे बोट दाखविलें गेलें. आपल्या कानांत ऐकण्याच्या साधनाजवळच तोल सांभाळणारीं साधनें आहेत: तीन वांकड्या नळ्या डोक्याचें वळणें सांगतात, आणि बारीक खड्यांनीं युक्त अशा दोन पिशव्या वर-खालीं व पुढें-मागें होणें सांगतात. जमिनीवर कान, डोळे आणि पाय एकच साक्ष देतात. बोटींत जाळ्याकडे किंवा फळ्यांकडे पाहणारे डोळे म्हणतात, ‘सर्व स्थिर आहे’. कान म्हणतात, ‘आपण उचललों जात आहों.’ साक्षी जुळत नाहींत, मेंदू गोंधळतो, त्याचें पर्यवसान जांभया, लाळ सुटणें, थंड घाम, फिकटपणा, मळमळ आणि शेवटीं ओकारी यांत होतें. समुद्र जितका उंच तितकी व्याधी अधिक, असेंही नाहीं. पांच-सहा सेकंदांत एकदां वर-खालीं होणारा मंद हेलकावा सर्वांत वाईट, असें १९७४ च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसून आलें.

मासेमारीच्या बोटीला नेमका हाच हेलकावा मिळतो. बोट चालती असतां लाटा फोडीत जाते. परंतु जाळें टाकून किंवा नांगर घालून ती थांबली, कीं लाटेला आडवी होऊन डोलूं लागते. डोल जाळ्यावर काम करणाऱ्यांस तर ओहोटी-भरतीची वाट पाहत असेंच थांबावें लागतें. शिडाच्या होडीस शीड थोडें सांवरी. आतां इंजिन आलें, शीड गेलें, आणि त्याच्या जागीं डिझेलचा धूर आला. त्यांत मासळीचा वास, ओल्या जाळ्याचा वास, मान खालीं घालून मासळी निवडण्याचें काम, रात्रीचें जागरण. व्याधीला हवें असलेलें सर्व साहित्य तेथें एकत्र असतें. आणखी एक गोष्ट. जून-जुलैंत मासेमारी बंद असते. त्या काळांत मुरलेल्या खलाशाच्या अंगची संवयही ढिली पडते. आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास तो पुन्हां निघतो, तेव्हां दर्याचा जोर अजून ओसरलेला नसतो. म्हणून हंगामाची पहिली फेरी जुन्या माणसासही जड जाते. नव्यास हंसणाऱ्या जुन्यानें आपली पहिली फेरी आठवावी.

आतां उपायांचा इतिहास. दुसऱ्या महायुद्धांत लक्षावधि सैनिक बोटींतून उतरवावयाचे होते, आणि ओकणारा सैनिक लढूं शकत नाहीं. म्हणून औषधांचा कसून शोध झाला. ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या उतरणीच्या वेळीं हायोसिन हें औषध वापरण्यांत आलें. हें द्रव्य धोतऱ्याच्या कुळांतील वनस्पतींत असतें; परंतु तें ऐकून कोणी धोतऱ्याचें बीं किंवा पान तोंडांत घालूं नये, तें विष आहे. १९४७ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें अंगावर पित्त उठत असलेल्या एका स्त्रीस नवें औषध दिलें असतां, ट्राममध्यें बसल्यावर होणारी तिची मळमळ थांबली, असें तिनेंच डॉक्टरांस सांगितलें. त्याच वर्षाच्या अखेरीस सैनिकांच्या एका जहाजावर त्याची परीक्षा झाली आणि डायमेनहायड्रिनेट हें औषध प्रसिद्धीस आलें. आज सिनारिझिन, मेक्लिझिन, प्रोमेथाझिन आदि औषधेंही मिळतात. आपल्या आजीबाईंच्या आल्याचीही परीक्षा झाली आहे: १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगांत ८० नाविक विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस सुंठीचें एक ग्राम चूर्ण दिलें, त्यांच्या ओकाऱ्या व थंड घाम कमी झाले. आलें रामबाण नव्हे; परंतु निरुपद्रवी आणि हाताशीं असलेलें साह्य आहे.

एवढ्या इतिहासावरून दर्यावर जाणाऱ्या आमच्या तरुणांस चार गोष्टी सांगतों.

पहिली, निघण्यापूर्वींची. आदल्या रात्रीं पुरी झोंप घ्यावी. दारूस शिवूं नये. ती तोल सांभाळणारें कानांतील साधनच बिघडविते. रिकाम्या पोटीं निघूं नये आणि तेलकट-तिखटानें पोट भरूनही निघूं नये; भाकरी, पेज, मऊ भात, केळें असें हलकें अन्न घ्यावें. औषध घ्यावयाचें तर डॉक्टरांस विचारून, आणि बोट सुटण्यापूर्वीं एक-दोन तास घ्यावें; ओकाऱ्या सुरू झाल्यावर गिळलेली गोळी पोटांत राहत नाहीं. यांपैकीं बहुतेक औषधांनीं झोंप येते. म्हणून तें पहिल्यानें घरीं घेऊन पाहावें. दोरखंड, यारी आणि जाळें चालू असतां पेंगणारा माणूस स्वतःस व सोबत्यांस धोक्याचा असतो. कांचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा विकार असेल त्यानें हें डॉक्टरांस आधीं सांगावें.

दुसरी, बोटीवरची. मध्यभागीं बसावें, नाळेवर हेलकावा फार असतो. धुरापासून दूर, वारा तोंडावर येईल असें राहावें, आणि नजर क्षितिजावर किंवा किनाऱ्यावरील डोंगरावर ठेवावी, म्हणजे डोळे व कान पुन्हां एक साक्ष देऊं लागतात. पहिले दोन दिवस नव्या माणसास खालीं वांकून मासळी निवडण्याचें किंवा इंजिनाच्या खोलींतलें काम शक्यतों देऊं नये. ज्याच्या हातीं सुकाणू त्याला बोट कमी लागते, कारण पुढची लाट त्याला आधीं कळते, एक म्हातारे तांडेल आम्हांस म्हणाले, “नवा पोरगा पिवळा पडला, कीं मी त्याला माझ्या शेजारीं सुकाणूपाशीं उभा करतों.” हें ज्ञान त्यांस कोणत्याही ग्रंथानें दिलें नव्हतें. उभें राहवतच नसेल, तर उताणें निजून डोळे मिटावे आणि डोकें हलूं देऊं नये. ओकारी आली तर वाऱ्याच्या बाजूस नव्हे, वारा पाठीवर घेऊन वांकावें; आणि कठड्यावर एकट्यानें कधींही वांकूं नये. दुसऱ्यानें कंबर धरावी, अंगांत जीवरक्षक जाकीट असावें. ओकारीनें माणूस सहसा मरत नाहीं, परंतु ओकतां ओकतां पाण्यांत पडून मरूं शकतो.

तिसरी, पाण्याची. खरा शत्रु येथें आहे. ओकाऱ्यांनीं अंगांतलें पाणी व मीठ निघून जातें. वर ऊन, घाम आणि श्रम. १९७१ सालीं बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकीची सांथ आली असतां बनगांवच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर-मिठाच्या पाण्यानें असंख्य जीव वांचविले. तेंच पाणी येथेंही कामास येतें. त्याच्या पुड्या औषधाच्या दुकानीं मिळतात. न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावें. तें घटाघटा न पितां दर दोन-चार मिनिटांनीं घोटभर घ्यावें. उलटलें तरी थोडें थांबून पुन्हां घ्यावें. समुद्राचें पाणी मात्र कधींही पिऊं नये. लघवी फार कमी व गडद होऊं लागली, जीभ कोरडी पडली, माणूस असंबद्ध बोलूं लागला किंवा ओकारींत रक्त दिसलें, तर जाळें आवरून बोट किनाऱ्यास वळवावी. छातींत कळ, ताप, कावीळ, पोटांत तीव्र वेदना किंवा हातापायाची शक्ति जाणें हीं बोट लागण्याचीं लक्षणें नव्हेत. त्यांस उशीर चालत नाहीं.

चौथी, बोलण्याची. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत संवय होते. थोड्यांना ती कधींच होत नाहीं. हा देहाचा घडीव आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे. म्हणून ज्याला त्रास होतो त्यानें पहिल्याच दिवशीं तांडेलास सांगावें. आणि तांडेलानें त्याला हंसूं नये, दुसऱ्यांसही हंसूं देऊं नये. एका फेरीची मासळी पुन्हां मिळेल. एका घरचा मुलगा मिळत नाहीं.

तो तरुण बरा झाल्यावर पुन्हां बोटीवर गेला नाहीं. त्याच बंदरांत धक्क्यावर मासळी मोजण्याचें व बर्फ भरण्याचें काम त्याला मिळालें. उचल हळूहळू फिटली. गेल्या वर्षीं आम्हीं त्यास धक्क्यावर पाहिलें. पहिल्या फेरीस निघालेल्या एका पोराला तो साखर-मिठाच्या पाण्याच्या पुड्या देत होता, आणि सांगत होता, “लाजूं नको. लागली तर लगेच सांग.” तो उपदेश आम्हीं त्याला करावयास हवा होता, त्यानें तो आम्हांस केला. या स्मरणिकेच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें दर्यावर जातात, त्यांनीं तेवढें एक वाक्य त्यांस घरून निघतांना सांगावें, एवढीच आमची विनंती. संत फ्रान्सिस झेवियर यांनीं तें साडेचारशें वर्षांहून आधीं पत्रांत लिहून दाखविलेंच आहे.